आलो ते पान कुठलं? ब्रेडक्रम्बविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वेबसाइटच्या मेनूबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं मेनूबद्दल नव्हतीच. ती होती पानाच्या माथ्यावर येणाऱ्या बारीक ओळीबद्दल, म्हणजे ‘मुख्यपान › उत्पादने › हळद’ अशी जी असते तिच्याबद्दल. वेबसाइट बनवणारे तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी हिंगणघाटला राहून शेतकरी कंपन्या, बचत गट आणि दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. या ओळीवर माझा जीव आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर तिलाच दिलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. वायगाव हळद, तूरडाळ, जवस असा माल आम्ही विकतो, आणि पिकांची माहितीही वेबसाइटवर टाकतो. पानं साठच्या वर गेली. वेबसाइट बनवणारा मुलगा म्हणतो, प्रत्येक पानावर ब्रेडक्रम्ब टाकू. आमचे अध्यक्ष म्हणतात, मोबाइलवर आधीच जागा नाही, त्यात ही ओळ कशाला? टाकायची की नाही, तुम्ही सांगा.

उत्तर : टाका ताई, नक्की टाका. अध्यक्षांना काय सांगायचं तेही लिहिते.

वेबसाइट बनवून घेताना आपल्या डोळ्यापुढे असा माणूस असतो जो आधी मुख्यपान उघडेल, मग मेनू पाहील, मग आत जाईल. तुमच्या साठ पानांवर येणारा माणूस असा येत नाही. त्याला गावाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकलेली असते, किंवा त्याने गूगलला बोलून विचारलेलं असतं. तो थेट मधल्याच एखाद्या पानावर उतरतो. तुमचं मुख्यपान त्याने पाहिलेलंच नसतं.

हे मी एका कृषी केंद्राच्या बाकावर बसून अगदी जवळून पाहिलं आहे. शेजारच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडली. हळदीच्या कंदकुजीचं पान होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. त्यात बेणेप्रक्रियेचा उल्लेख होता, तो भाग त्यांना नीट पाहायचा होता. त्यांनी मागे जायचं बटण दाबलं, तर पडद्यावर परत व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. पुन्हा लिंक दाबली, पुन्हा कंदकूज. पुन्हा मागे, पुन्हा ग्रुप. “मांगं गेलो तं बाहीरच निंगते हे,” काका म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या मेनूला त्यांनी हातही लावला नव्हता. बेणेप्रक्रियेचं पान त्याच वेबसाइटवर होतं.

यात काकांचं काही चुकलं नाही. मोबाइलचं मागे जायचं बटण माणूस आला त्या वाटेने त्याला परत नेतं. काकांची वाट व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती, म्हणून ती तिथेच गेली. ‘हळद’ या मोठ्या विषयाकडे नेणं त्या बटणाच्या हाती नव्हतंच. पानाच्या माथ्यावर ‘मुख्यपान › हळद › रोग व कीड › कंदकूज’ एवढं लिहिलेलं असतं, तर काकांनी ‘हळद’ या शब्दावर बोट ठेवलं असतं. आपण कुठे आहोत आणि इथून वर काय आहे, या दोन गोष्टी ही ओळ एका नजरेत सांगते. मेनू त्यातली पहिली सांगत नाही आणि मागे जायचं बटण दुसरी सांगत नाही.

आता अध्यक्षांच्या जागेच्या प्रश्नाबद्दल. वेबसाइट वापरणाऱ्यांना समोर बसवून तपासण्या करणारे जेकब नील्सन १९९५ पासून ब्रेडक्रम्ब वापरा असं सांगत आले. २००७ साली त्यांनी लिहिलं की, लोकांचं या ओळीकडे कधी दुर्लक्ष होतं, पण तिचा अर्थ चुकला किंवा ती वापरताना कुणी अडलं, असं तपासण्यांत दिसत नाही. आणि जागा तर ती अगदी थोडी घेते. ज्याला नको तो वरून पुढे जातो, ज्याला हवी त्याला सापडते. मुख्यपानावरच्या सरकत्या फोटोंना आपण अर्धा पडदा देतो, ते आधी कमी करा.

वेबसाइट पाचसहा पानांची असती, म्हणजे मुख्यपान, आमच्याविषयी, उत्पादने, संपर्क एवढीच, तर मीच म्हटलं असतं की ओळ नको. एकच पायरी असेल तर दाखवायचं काय? तुमच्याकडे विषय, त्याखाली उपविषय आणि त्याखाली पानं आहेत, म्हणून तुम्हाला ती हवी.

मांडणी सोपी आहे. ओळ पानाच्या वरच्या पट्टीखाली आणि मथळ्याच्या वर ठेवा. सुरुवात मुख्यपानापासून करा. शेवटी चालू पानाचं नाव असावं, पण ते दाबण्याजोगं नसावं. जिथे आहोत तीच लिंक दाबून तेच पान पुन्हा उघडलं की माणूस गोंधळतो. आणि ही ओळ आली म्हणून मेनू काढून टाकू नका, दोन्ही लागतात.

खरं काम मात्र वेगळंच आहे, ते तुमची वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला आजच विचारा. ‘हळद › रोग व कीड › कंदकूज’ या ओळीतलं ‘रोग व कीड’ नावाचं पान तुमच्या वेबसाइटवर आहे का? मी तपासते त्या वेबसाइटींत बहुतेक वेळा ते नसतं. मेनूत नुसतं शीर्षक असतं, दाबलं की यादी खाली उघडते, पण त्या नावाचं पान कुणी बनवलेलंच नसतं. मग ब्रेडक्रम्बमधला तो शब्द एकतर दाबला जात नाही, नाहीतर ‘पान सापडले नाही’ अशी पाटी येते. मधल्या प्रत्येक पायरीला खरं पान हवं. त्यात दोन ओळी माहिती आणि खालच्या पानांची यादी असली तरी पुरे: कंदकूज, करपा, कंदमाशी, असं ओळीने. काका वर चढून आले की त्यांना हीच यादी दिसली पाहिजे. ते पान बनवायला अर्धा दिवस लागेल, आणि ब्रेडक्रम्बचा निम्मा उपयोग त्या अर्ध्या दिवसात आहे.

प्रश्न : मॅडम, मी आर्णीचा, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये मी असा ब्रेडक्रम्ब केला की वापरणारा जिथे जिथे क्लिक करत जाईल, ती पानं एकामागे एक ओळीत जमा होतात. मेहनतीने कोड लिहिला. सर म्हणतात, हा ब्रेडक्रम्ब नाहीच. कोणाचं बरोबर?

उत्तर : नाव लावायला हरकत नाही, पण सल्ला सरांचाच धर.

माहिती-रचनेवर काम करणारे कीथ इन्स्टोन यांनी २००२ साली ब्रेडक्रम्बचे तीन प्रकार सांगितले. पहिला स्थान दाखवणारा: हे पान वेबसाइटच्या रचनेत कुठे बसतं. दुसरा वाट दाखवणारा: हा माणूस कुठून कुठून फिरत आला. तिसरा गुण दाखवणारा: या वस्तूचे गुण कोणते. तुझा दुसरा आहे. तो वापरात टिकत नाही, आणि का टिकत नाही हे तुझ्याच प्रोजेक्टवर करून पाहा. हळदीचं पान उघड, तिथून संपर्कावर जा, परत हळदीवर ये, पुन्हा संपर्कावर जा. ओळीत काय दिसेल? ‘मुख्यपान › हळद › संपर्क › हळद › संपर्क’. यातून कोणाला काय कळलं? शिवाय हे सगळं मागे जायचं बटण आधीच करतं. आणि बाहेरून लिंक दाबून आलेल्या माणसासाठी तुझी ओळ रिकामीच असेल. त्याला तर तिची सगळ्यात जास्त गरज.

एक कसोटी लक्षात ठेव. तेच पान दोन वेगळ्या मोबाइलवर दोन वेगळ्या वाटांनी उघड. दोन्हीकडे ओळ अक्षराअक्षराने सारखी आली पाहिजे.

तिसऱ्या प्रकाराचंही थोडं सांगते, कारण तो दुकानाच्या वेबसाइटवर दिसतो. ‘साड्या › सुती › पाचशेच्या आत’ यात ‘सुती’ आणि ‘पाचशेच्या आत’ या पायऱ्या नाहीत, गिऱ्हाइकाने लावलेल्या गाळण्या आहेत. गिऱ्हाइकाने किंमत आधी निवडली असती तर क्रम उलटा झाला असता. असे गुण वेगळ्या छोट्या चौकटींत दाखव, प्रत्येकीला काढून टाकायची फुली दे, आणि ब्रेडक्रम्ब ‘मुख्यपान › साड्या’ एवढाच राहू दे.

लिहिलेला कोड वाया घालवू नकोस. ‘नुकतीच पाहिलेली पानं’ अशी यादी पानाच्या तळाशी लाव, तिथे तो कामाचा आहे.

प्रश्न : मी वरूड तालुक्यातला संत्रा बागायतदार. गावातल्या पोरांनी मिळून संत्र्याच्या माहितीची वेबसाइट उभी केली, मजकूर मी पाहतो. डिंक्या रोगाचं पान ‘संत्रा › रोग’ खाली बसतं आणि ‘मृग बहार › पावसाळ्यातली काळजी’ खालीही बसतं. पोरं म्हणतात, दोन्हीकडे टाकू, दोन पानं करू. ब्रेडक्रम्बमध्ये माग, म्हणजे वर जायची वाट, कोणती दाखवायची?

उत्तर : भाऊ, पत्रांतला सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचाही.

आधी सांगते, दोन पानं करू नका. डिंक्याच्या पानावर बोर्डो मलमाचं प्रमाण असणार: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. उद्या एखाद्याने त्यात काही भर घातली, खोडाला मलम किती उंचीपर्यंत लावायचं ते दुरुस्त केलं, तर ते एकाच पानावर होईल. दुसरं पान तसंच जुनं राहील. कास्तकाराला दोनपैकी कोणतं सापडेल हे तुमच्या हातात नाही. त्याच्या झाडावर होणारा खर्च जुन्या पानाच्या भरवशावर व्हायला नको.

पान एकच, आणि त्याचा माग एकच. कोणता, हे ठरवताना मी दोन गोष्टी विचारते. पानातली माहिती कोणत्या वर्गात कायम खरी राहते? डिंक्या आंबिया बहाराच्या झाडालाही होतो आणि मृग बहाराच्या झाडालाही, म्हणजे फळं धरण्याच्या दोन्ही हंगामांत. ज्याने दोन्ही बहार सोडले त्याच्या झाडालाही होतो. म्हणजे तो बहाराचा नाही, झाडाच्या रोगांचा आहे. आणि दुसरं, शोधणारा काय म्हणत येतो? तो ‘मृग बहाराची काळजी’ म्हणत येत नाही. तो म्हणतो, खोडातून डिंक येऊन राहिला, साल फाटली, झाड पिवळं पडलं. तो रोग शोधत येतो. दोन्हींची उत्तरं एकच, म्हणून ‘मुख्यपान › संत्रा › रोग › डिंक्या’.

याच न्यायाने बागेला ताण देण्याचं, म्हणजे पाणी तोडण्याचं, पान बहाराखाली जाईल. मृगाचा ताण उन्हाळ्यात, आंबियाचा हिवाळ्यात. बहार वगळून ते पान वाचलं तर अर्थच लागत नाही. तिथे ‘संत्रा › मृग बहार › ताण’ आणि ‘संत्रा › आंबिया बहार › ताण’ ही दोन खरीखुरी वेगळी पानं आहेत, ती वेगळीच राहू द्या. नाव सारखं असलं तरी वरच्या ओळीमुळे वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपण कोणत्या बहाराच्या पानावर आहोत. चुकीच्या बहाराचं वेळापत्रक वाचून कुणी पाणी तोडलं तर काय होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

‘पावसाळ्यातली काळजी’ या पानावर डिंक्याची लिंक द्या, ठळक द्या. तिथून कुणी डिंक्यावर गेला आणि वरची ओळ ‘रोग’ म्हणाली, तर गोंधळ होणार नाही का, असं पोरं विचारतील. नाही होत. मागे जायचं बटण त्याला पावसाळ्याच्या पानावर नेतं, ओळ त्याला इतर रोगांकडे नेते. त्याला दोन्हीची गरज पडू शकते.

गूगलसाठी पानाच्या कोडमध्ये जी माहिती भरतात, तिथे एका पानाचे दोन माग देता येतात, तेवढी मोकळीक आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र एकच ठेवा.

आणि भाऊ, हे ठरवायला पोरांबरोबर तुम्हीच बसा. कोड त्यांना येतो. डिंक्या बहाराचा की झाडाचा, हे बागेत उभा राहिलेला माणूसच सांगू शकतो.

प्रश्न : मी दारव्ह्याचा सेवानिवृत्त शिक्षक. आपण पत्ता लिहिताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. मराठी वेबसाइटवर ब्रेडक्रम्बही तसाच उलटा का लिहू नये?

उत्तर : गुरुजी, प्रश्न आवडला, पण तसं करू नये असं मला वाटतं. पत्ता पोस्टमनने वाचायचा असतो. ब्रेडक्रम्ब दाबून वर चढायचं असतं. आणि दाबत आत जाण्याची सवय आपल्या लोकांना मोठ्याकडून लहानाकडेच लागली आहे. महाभूलेखवर सातबारा काढताना आधी जिल्हा निवडतात, मग तालुका, गाव आणि त्यानंतर गट नंबर. गावातल्या पोरापोरींना तो क्रम पाठ आहे. शिवाय डावीकडून वाचत आलं की शेवटचा शब्द चालू पानाचा असतो आणि लगेच खाली त्याच पानाचा मथळा, त्यामुळे नजर तुटत नाही. उर्दू वेबसाइटवर मात्र सगळी ओळ उजवीकडून सुरू होते आणि बाणाचं तोंडही फिरवावं लागतं. ते न फिरवल्याने बाण उलटा पडलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : ताई, मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, गाव कारंजा तालुक्यात. एका ग्रामपंचायतीची वेबसाइट करून देतो आहे. ब्रेडक्रम्ब असा येतो: ‘मुख्यपान › नागरिकांसाठी सेवा › प्रमाणपत्रे व दाखले › जन्म नोंद दाखला › अर्ज करण्याची पद्धत’. मोबाइलवर तीन ओळी होतात. बारीक केलं तर वाचता येत नाही, कापलं तर ‘अर्ज कर…’ असं दिसतं. काय करू?

उत्तर : दादा, तुमचं निम्मं काम फॉन्टला हात न लावता होईल. नावं लहान करा.

‘मुख्यपान › सेवा › दाखले › जन्म दाखला’. बस. पानाच्या मथळ्यात लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या सेवेचं पूर्ण नाव जसंच्या तसं ठेवा, ते कागदोपत्री लागतं. ओळीत मात्र लोक काउंटरवर येऊन जे म्हणतात ते लिहा. तुम्ही केंद्र चालवता, कुणी येऊन ‘प्रमाणपत्रे व दाखले’ म्हणतं का? “जन्माचा दाखला पाह्यजे” म्हणतात, “नमुना आठ काढून द्या” म्हणतात. फक्त एवढं पाहा की ओळीतलं नाव आणि मथळा एकाच गोष्टीचे वाटले पाहिजेत. ‘अर्ज करण्याची पद्धत’ वेगळं पान ठेवू नका, जन्म दाखल्याच्याच पानावर घ्या. एक पायरी तिथेच गळते.

तरी मोबाइलवर ओळ मोडत असेल, तर पूर्ण ओळ दाखवायचा हट्ट सोडा. लहान पडद्यावर फक्त एक पायरी वरची दाखवा: डावीकडे तोंड केलेला बाण आणि ‘दाखले’. मोठ्या पडद्यावर अख्खी ओळ येऊ द्या. बोटाने आडवी सरकणारी ओळही काहीजण करतात. मला ती तितकी पटत नाही, कारण ती सरकते हे पाहणाऱ्याला कळायला काही खूण नसते. कापायचंच असेल तर मधलं कापा, शेवटचं नाही. आपोआप कापणारा कोड शेपूट कापतो, आणि माणूस कुठे आहे हे सांगणारा शब्द नेमका शेपटीला असतो.

आता देवनागरीचं. तयार थीम, म्हणजे वेबसाइटचे आयते साचे, आणतो त्या बहुतेक रोमन अक्षरांसाठी बनलेल्या असतात. त्यांत ब्रेडक्रम्बच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, कारण रोमन बारीक अक्षरांना ती शोभते. आपल्या अक्षरांना तीच जागा दिली की शिरोरेषा तुटते, आणि ‘दाखले’ हा शब्द तीन सुटे तुकडे होऊन बसतो. ती सेटिंग शून्य करा. ओळीची उंची वाढवा, अक्षराच्या दीडपट तरी. नाहीतर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत घुसतात. अक्षराचा आकार बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित लहान चालेल, फार लहान नको. आपल्या जोडाक्षरांना जागा लागते, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ मधला फरक बारीक अक्षरात दिसतच नाही. बोटासाठीही जागा हवी. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेलचं माप दिलं आहे. शेतात काम करून आलेल्या बोटांसाठी मी त्याहून मोठी जागा ठेवते.

तुम्ही विचारलं नाही, पण ग्रामपंचायतीचं काम आहे म्हणून सांगते. पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, देवनागरीत ठेवलात तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि लिंकमध्ये एकेका बाइटची तीन चिन्हं होतात. ‘हळद’ या तीन अक्षरांची सत्तावीस. अशी लिंक पाहून लोक फसवणुकीची समजतात आणि दाबत नाहीत. लिंक रोमन लिपीत छोटी ठेवा, आणि मराठी नावं ब्रेडक्रम्बमध्ये द्या.

प्रश्न : गूगलच्या मोबाइल निकालांत आता ब्रेडक्रम्ब दिसत नाही, नुसतं वेबसाइटचं नाव दिसतं. मग त्यासाठी भरलेला कोड काढून टाकू का? – वणीहून एक दुकानदार

उत्तर : राहू द्या. गूगलने २००९ पासून निकालांत ही ओळ दाखवायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये मोबाइलच्या निकालांतून ती काढली, कारण लहान पडद्यावर ती कापली जात होती. कॉम्प्युटरवरच्या निकालांत ती अजून येते, आणि त्यासाठी तोच कोड लागतो. ‘ब्रेडक्रम्बलिस्ट’ या प्रकारात प्रत्येक पायरीचा क्रमांक, नाव आणि लिंक भरलेली असू द्या. शेवटच्या पायरीला लिंक नसली तरी चालते. कोडमधली नावं आणि पानावर दिसणारी नावं एकच ठेवा. मात्र तुमच्या दुकानाच्या पानावर दिसणारी ओळ गूगलसाठी नव्हतीच, ती गिऱ्हाइकासाठी आहे. गूगलने काय काढलं यावरून तिला हात लावू नका.

प्रश्न : माझा भाऊ दृष्टिहीन आहे, मोबाइल टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतो. शेतमालाच्या एका वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याला ‘मुख्यपान, ग्रेटर दॅन, बाजारभाव, ग्रेटर दॅन’ असं ऐकावं लागतं. मराठी शब्दही इंग्रजी माणसाने वाचल्यासारखे येतात. तो म्हणतो, ही ओळच नसती तर बरं. खरंच दृष्टिहीनांना तिचा उपयोग नाही का? – हिंगणा तालुक्यातून एक बहीण

उत्तर : ताई, उपयोग आहे, आणि डोळस माणसापेक्षा जास्त आहे. डोळस माणूस पानाचा रंग, फोटो, मांडणी पाहून अंदाज बांधतो की आपण कुठे आलो. तुमच्या भावाला ते सगळं शब्दांतूनच कळायचं आहे, आणि वेबसाइटच्या रचनेतलं त्याचं ठिकाण एका दमात सांगणारी तेवढीच एक ओळ पानावर असते. वर ज्या आंतरराष्ट्रीय निकषांचा उल्लेख केला, त्यांत माणसाला आपलं ठिकाण कळलं पाहिजे असा एक निकष आहे, आणि तो पाळण्याच्या मार्गांत ब्रेडक्रम्बचं नाव घेतलेलं आहे. त्याला जे ऐकू येतं तो बनवणाऱ्याचा दोष आहे आणि तो तासाभरात काढता येतो.

‘ग्रेटर दॅन’ येतं, कारण दोन नावांच्या मधलं ‘>’ हे चिन्ह त्यांनी मजकुरातच टाइप केलं आहे. ते मजकुरातून काढून सजावटीच्या कोडमध्ये, म्हणजे सीएसएसमध्ये, न्यायचं. तिथेही चिन्ह टाइप न करता चौकटीची कड तिरकी करून रेघ काढायची, म्हणजे वाचणाऱ्या आवाजाला उच्चारायला काही उरत नाही. शब्द इंग्रजी ढंगाने येतात, कारण पान मराठीत आहे हे कोडमध्ये सांगितलेलंच नसावं; इंग्रजी थीम उचलली की तिच्यातली भाषेची खूण तशीच राहून जाते. ती बदलून मराठीची केली की मराठी आवाज लागतो.

त्या वेबसाइटवर संपर्काचा ईमेल असेलच. खालचा मजकूर तुमच्या किंवा भावाच्या नावाने पाठवा. वेबसाइट बनवणाऱ्याला तो लगेच समजेल:

“आपल्या वेबसाइटवरचा ब्रेडक्रम्ब स्क्रीन रीडरवर नीट वाचला जात नाही. कृपया पुढील बदल करावेत. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग ही खूण ‘एमआर’ अशी द्यावी. ब्रेडक्रम्ब ‘नॅव्ह’ टॅगमध्ये ठेवून त्याला एरिया-लेबल द्यावं, म्हणजे ही ओळ कशाची आहे ते आधी ऐकू येईल आणि नको असेल तर ती ओलांडून पुढे जाता येईल. आतली नावं क्रमवार यादीत, म्हणजे ‘ओएल’मध्ये ठेवावीत, त्यामुळे एकूण किती पायऱ्या आहेत ते कळतं. चालू पानाच्या नावाला एरिया-करंट ही खूण ‘पेज’ या किमतीसह लावावी. नावांमधली चिन्हं मजकुरातून काढून सीएसएसच्या कडेने रेघ म्हणून दाखवावीत. बदल झाल्यावर कळवल्यास आम्ही टॉकबॅकवर तपासून सांगू.”

शेवटचं वाक्य काढू नका. बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपली वेबसाइट कधी कानांनी ऐकलेली नसते, आणि तपासून देणारा माणूस मिळाला तर ते काम लवकर हाती घेतात. उत्तर आलं तर मलाही पाठवा, पुढच्या अंकात छापते.